आल्यागेल्याचा चहा

घरी आलेल्या माणसाला चहा विचारल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, हा मराठी घरातला शिरस्ता आहे. तो कुठे लिहून ठेवलेला नाही, पण त्याचे नियम सगळ्यांना पाठ असतात. यजमानाने विचारायचे, पाहुण्याने ‘आत्ताच झाला’ म्हणायचे, यजमानाने ‘अर्धा कप तरी’ असा आग्रह धरायचा. तोवर आत कोणीतरी आधण ठेवलेले असते. होकाराची वाट कोणी पाहत नाही.

रीत फार जुनी वाटते, पण ती तशी नाही. पूर्वी उन्हातून आलेल्या माणसापुढे गूळ-पाणी ठेवत. चहा आधी शहरांतल्या थोड्या घरांत शिरला. १९०३ मध्ये चहावर सेस बसवणारा कायदा झाला, त्या पैशातून पुढे चहाचा देशभर प्रचार झाला. रेल्वेची स्थानके, गिरण्या आणि इराण्यांची हॉटेले यांनी तो सामान्य माणसाच्या हातात दिला. गूळ-पाण्याची जागा चहाने घेतली आणि अगत्याचे सगळे नियम त्या कपाला येऊन चिकटले. माणसाला किती जवळ घ्यायचे हेही त्याच्यावरून ठरू लागले.

मूल हे बघून शिकते. पाहुणा आला की आईचा आवाज बदलतो. मुलाला मागच्या दाराने शेजारी पिटाळले जाते, वाटीभर दूध आणायला. शेजारीण दूध देते आणि कोण आले आहे, किती दिवस राहणार, हे विचारून घेते. काचेच्या कपाटातले फुलाफुलांचे कप खाली उतरतात. ज्याचा कान तुटला आहे तो घरातल्या माणसाच्या वाट्याला येतो. जावई, मास्तर, बँकेतले साहेब यांना कपबशी. गवंड्याला, सिलिंडर आणून देणाऱ्याला स्टीलचा पेला. आणि पुष्कळ घरांत परसदारी, कोनाड्यात, एक निराळा कप, जो पिणाऱ्याने स्वतः विसळून परत तिथेच ठेवायचा. मुलाला हे सगळे दिसते. त्यात विचारण्यासारखे काही आहे असे त्याला वाटत नाही. घर प्रेमळ आहे, दार उघडे आहे, आलेला माणूस उपाशी जात नाही, एवढेच त्याच्या मनात पक्के बसते. त्यातले काही खोटेही नसते.

चहाच्या कपाला हा भार किती लवकर चढला, हे पुण्यातल्या एका प्रकरणावरून कळते. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे होते. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. हा घाट घालणाऱ्या गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात वादळ उठले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. १८९२ मध्ये रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. कोणाच्या हातचा चहा घ्यायचा आणि कोणाच्या घरचा नाही, हा प्रश्न तेव्हा माणसाला जातीबाहेर काढण्याइतका मोठा होता. हे गोपाळराव म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. आनंदीबाईंची गोष्ट पुढे येणारच आहे.

घरातले मूल मोठे होऊन परदेशी जाते तेव्हा हा सगळा हिशेब एकदम चुकतो. पुण्या-मुंबईतल्या इंजिनिअरांची एक मोठी वाट जर्मनीतल्या स्टुटगार्टला जाते. मोटारींच्या कारखान्यांचे ते गाव, आणि १९६८ पासून मुंबईचे भगिनी-शहर. तिथे इमारतीच्या दारावर प्रत्येक बिऱ्हाडाच्या आडनावाची घंटा असते, पण सांगितल्याशिवाय ती कोणी वाजवत नाही. भेट ठरवून होते, कधी दोन-दोन आठवडे आधी. कॉफी किंवा चहा एकदाच विचारतात. नव्याने आलेला मराठी माणूस सवयीने ‘नको’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो, कारण तिथे ‘नको’ म्हणजे नकोच असते. रविवारी इमारत शांत ठेवायची असते. शेजाऱ्याशी पहिला संबंध येतो तो एका पाटीमुळे: जिन्याच्या झाडलोटीची पाळी ज्याची, त्याच्या दारावर ती पाटी लटकते, आठवडा संपला की पुढच्या दारावर जाते. या प्रथेला तिथे ‘केअरवोखे’ म्हणतात. पहिल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडत असताना, दारावर आलेली ती पाटी हाच कोणीतरी येऊन गेल्याचा पुरावा असतो. या काळात घरी जाणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच वाक्य असते: इथली माणसे थंड आहेत. मागे राहिलेले गाव या दिवसांत जितके प्रेमळ दिसते तितके ते आधी कधी दिसलेले नसते.

अमेरिकेत गेलेल्याचा अनुभव उलट दिशेने सुरू होतो. दुकानातला अनोळखी माणूस हसून कसे आहात विचारतो, शेजारी हात करतो, सहकारी पहिल्याच दिवशी नावाने हाक मारतो. काही महिन्यांनी मात्र कळते की तेवढ्यावरच ते थांबले आहे. या दोन देशांतला हा फरक कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये मांडला. ते स्वतः १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत आले होते, म्हणजे त्यांनी दोन्ही दारे बाहेरून ठोठावली होती. त्यांच्या मते अमेरिकी माणसाच्या व्यक्तित्वाचे बाहेरचे थर कोणालाही खुले असतात, अगदी आतला गाभा तेवढा बंद असतो. जर्मन माणूस मात्र बाहेरच्या थरापासूनच दार लावून घेतो, पण एकदा ते उघडले की आत बरेच दूरवर जाता येते.

या कसोटीवर मराठी घर तपासले की चित्र निराळे दिसते. जुन्या घरात ओसरी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर असे क्रमाने आत जावे लागे, आणि कोणी कुठवर यायचे हे ठरलेले असे. ओसरी सगळ्यांना मोकळी. चहा तिथे कोणालाही मिळे. तिथून पुढचा प्रत्येक उंबरठा जात, नाते, लग्नसंबंध यांवर ओलांडायचा. दार उघडे आहे हे खरे. ते कुठवर उघडे आहे हा प्रश्न ओसरीवर बसलेल्याला सहसा पडत नाही.

स्टुटगार्टमधल्या माणसाला याचा उलगडा सावकाश होतो. कुरिअरवाला घरी नसलेल्याचे पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतो आणि पत्रपेटीत चिठ्ठी टाकतो. त्या चिठ्ठीच्या निमित्ताने शेजाऱ्याची घंटा पहिल्यांदा वाजते. मग कधी तरी शेजारच्या आजी सुट्टीत कुंड्यांना पाणी घालायला सांगतात आणि किल्ली देतात. घर बदलायची वेळ येते तेव्हा ऑफिसातले, एरवी कामापुरते बोलणारे चौघे ठरल्या वेळी, दहा मिनिटे आधीच, येऊन उभे राहतात. तिसऱ्या मजल्यावरून वॉशिंग मशीन उतरवतात, पाव आणि बिअर घेतात आणि जातात. त्यांच्यापैकी कोणी पगार विचारलेला नसतो, मूल कधी हेही नाही. माणसाला प्रथमच जाणवते की न विचारणे हीसुद्धा दुसऱ्याची कदर करण्याची एक तऱ्हा असू शकते. हे जाणवणे मोठे आहे, कारण घरच्या अगत्याकडे बघायला त्याला आता बाहेरची एक जागा मिळालेली असते.

परदेशातली मराठी मंडळे घरच्या अगत्याच्या गरजेतून उभी राहिली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. अमेरिकेत १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांना वाट मोकळी झाली, तिथे मंडळे निघाली आणि १९८१ मध्ये त्यांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ झाले. गणपतीच्या हॉलमध्ये भेटलेले कुटुंब पहिल्याच भेटीत मुलांना काका-काकू म्हणायला लावते, आणि त्या नात्याला खरोखर जागते: बाळंतपणात डबे येतात, विमानतळावर गाडी येते. घरी जायचे मात्र फोन करून. गावाकडचा आग्रह आणि तिथली वेळेची शिस्त अशा दोन्ही रीती एकाच घरात नांदतात. चहा पुष्कळदा पुरुष करतो, कारण कामाला बाई नसते आणि बायकोही दिवसभर नोकरी करून आलेली असते. हा बदल लहान नाही.

मग परत येणे. आल्फ्रेड श्युत्स या व्हिएन्नाच्या समाजशास्त्रज्ञांनी, तेही न्यूयॉर्कला निघून आलेले, १९४५ मध्ये घरी परतणाऱ्या माणसावर एक लेख लिहिला. अनोळखी गावात जाणाऱ्याला आपण परके आहोत हे ठाऊक असते; घरी परतणारा मात्र सगळे जिथल्या तिथे असेल असे धरून चालतो, म्हणून त्याची फसगत अधिक होते, असे त्यांचे म्हणणे. महाराष्ट्रात उतरलेल्या माणसाचे पहिले दिवस फसगतीचे नसतातच. रिक्षावाला गप्पा मारतो, वाणी नावाने ओळखतो, शेजारच्या काकू साबुदाण्याची खिचडी घेऊन येतात. वर्षभराची तहान भागते. आठवड्याभरात सूर बदलतो. कोणी न सांगता दहा वाजता येऊन दुपारपर्यंत बसते. वजन, पगार, घराची किंमत, दुसरे मूल, सगळ्याची चौकशी होते. पूर्वी हीच चौकशी मायेची वाटत होती.

या चिडचिडीपाशी थांबणारे पुष्कळ आहेत. पण परतलेल्या नजरेला दिसणारी खरी गोष्ट तिच्या पलीकडे आहे. एका सकाळी चार वेळा चहा होतो तेव्हा गॅसपाशी कोण उभे आहे, हे आता दिसते. दिवाणखान्यातल्या आग्रहाची किंमत आतल्या बाईच्या उभ्या पायांनी मोजलेली असते. ‘टाक गं चहा’ म्हणणारा अगत्यशील ठरतो आणि टाकणारीचा चहा ओट्यावर गार होतो. आणि कोनाड्यातला तो कप. आता तो बहुतेक घरांतून गेला आहे, पण ज्यांच्या घरात तो होता त्यांनी तो आठवलाच पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे नवल भथेना हे पारशी विद्यार्थी त्यांचे मित्र झाले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी लिहिले आहे की युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून गेली होती. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. ओळखीच्या एका हिंदू गृहस्थांनी सांगितले, तुम्ही आलात तर आमचे नोकर जातील. दुसऱ्या ख्रिस्ती ओळखीच्याने बायकोला विचारावे लागेल म्हटले. परक्या शहराने सहज दिलेली खोली आपल्या देशातल्या शहराने नाकारली. मराठी अगत्यावर लिहिताना हा प्रसंग टाळला तर लिहिलेले सगळे खोटे पडते.

आनंदीबाईंची गोष्ट याच्या जोडीला ठेवावी. शिकणारी बाई म्हणून भर रस्त्यात टिंगल सोसलेली ही अठरा वर्षांची मुलगी १८८३ मध्ये अमेरिकेला उतरली, तेव्हा बंदरावर तिला घ्यायला थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. त्या दोघींनी तोवर एकमेकींना पाहिलेही नव्हते. ओळख केवळ पत्रांची. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या न्यूयॉर्क राज्यातल्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

मागचे घरही आता आहे तसे राहिलेले नाही. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोल्यांमुळे जगणे सामाईक पॅसेजमध्ये होते. दार दिवसभर उघडेच. तिथली कुटुंबे आता उंच इमारतींतल्या मोठ्या फ्लॅटमध्ये जात आहेत, जिथे दार आपोआप बंद होते. त्यांना स्वतःचा संडास मिळाला, मुलीला अभ्यासाला खोली मिळाली. चाळीतल्या जिव्हाळ्यासाठी गळे काढणाऱ्यांनी हे विसरू नये. पुण्यातल्या सोसायट्यांत पाहुण्याची नोंद फाटकावरच्या अ‍ॅपवर होते आणि घरातून होकार आला तरच त्याला वर सोडतात. येण्याआधी फोन करणे आता सगळीकडे रुळले आहे. परदेशातून आलेला माणूस ज्या मोकळ्या दाराची आठवण घेऊन येतो ते दार त्याच्या मागे राहिलेल्या भावानेच लावून घेतलेले असते.

तरीही एका जागी त्याला जुन्या रीतीची गरज सर्वात जास्त पडते, ती आई-वडील थकल्यावर. त्यांच्या घराची दुसरी किल्ली शेजारी असते. सकाळी दूध-पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली तर शेजारीण घंटा वाजवते. रक्ताचा रिपोर्ट कोणी आणला, रात्री अडीच वाजता रिक्षा कोणी बोलावली, हे मुलाला दुसऱ्या दिवशी फोनवर कळते. ज्या काकू त्याचा पगार विचारत होत्या त्याच या काकू. त्यांची चौकशी आणि त्यांची जाग, दोन्ही एकाच सवयीतून आलेल्या आहेत. स्टुटगार्टचा शेजारीही किल्ली सांभाळतो आणि सांगितले तर धावून येतो, पण त्याला सांगावे लागते. स्वयंपाकघरात पडलेल्या म्हातारीला तेवढे जमत नाही.

पैसे घेऊन हे काम करणाऱ्या सेवा आता पुण्या-मुंबईत आहेत, आणि त्या वाढायला हव्यात. त्यांच्याकडचे माणूस ठरल्या दिवशी येते, रक्तदाब बघते, औषधे भरून ठेवते, मुलाला निरोप पाठवते. शेजाऱ्यांवरचा, म्हणजे मुख्यतः शेजारणींवरचा, भार त्यामुळे हलका होतो. चारच्या चहाला येऊन बसणे मात्र अजून शेजाऱ्यांकडेच आहे, आणि सुट्टीवर आलेला मुलगा घरात असला की तो चहा त्याने करावा, काकूंना बसू द्यावे.