पेजमेकर अजून आहे

आमच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या एका संगणकावर पेजमेकर हा पानं लावण्याचा जुना प्रोग्रॅम अजून चालतो. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती आली २००१ साली. ॲडोबीने त्याचा वारस म्हणून इनडिझाइन बाजारात आणलं ते त्याच्याही आधी, १९९९ मध्ये. नव्याने कामाला लागलेली मुलं त्या पडद्याकडे बघून हसतात, आणि चहाच्या वेळी विषय निघतोच: हे अजून का ठेवलंय? सॉफ्टवेअरबद्दल मत नसलेला माणूस आमच्याकडे नाही. मालकांचं मत खर्चाचं असतं, मुलांचं फॅशनचं, लेखकांचं घाईचं. ज्यांची बोटं दिवसभर कळफलकावर असतात त्यांना मात्र कुणी विचारत नाही.

पेजमेकर टिकला तो गुणांमुळे नव्हे, फायलींमुळे. मराठी डीटीपीचा सगळा डोलारा एका हुशार फसवणुकीवर उभा होता. संगणकाला मराठी कळत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी फॉन्टमध्ये काना, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवली. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच, कागदावर मात्र सुबक मराठी. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये टाकला की नुसता चिखल. त्यावर आणखी डोंगल: तो संगणकाच्या मागे खोचलेला नसेल तर प्रोग्रॅमच उघडायचा नाही. असं असूनही दिवाळी अंक, कथासंग्रह, पाककृती, आरत्या, शाळांच्या स्मरणिका अशी दोन-अडीच दशकांची मराठी त्यातून छापली गेली. छापून झाल्यावर ती वाचता येत होती फक्त कागदावर. फाइलमध्ये मराठी नव्हतीच.

गंमत अशी की इलाज तेव्हाही तयार होता. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली ठरलं. त्याच वर्षी आलेल्या, जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. ज्या सी-डॅकने इस्कीवर काम केलं ती पुण्यातच. पण मानक ठरणं वेगळं आणि ते ऑफिसात पोचणं वेगळं. विंडोज एक्सपीत मराठी सुरू करायची तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एक खूण करायची आणि मूळ सीडी घालायची. ती सीडी किती ऑफिसांत होती, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. आणि एवढं करूनही पेजमेकरला युनिकोड कळत नव्हतं ते नव्हतंच.

मग युनिकोडकडे वळायचा विषय निघाला तेव्हा बैठक झाली. बैठकीत युनिकोडच्या बाजूने बोलणाऱ्यांत मीही होतो आणि आजही माझं मत तेच आहे. पण त्या बैठकीत आम्ही जे बोललो नाही ते बोटांबद्दल. आमच्या कंपोझिंगच्या ताई टाइपरायटरवर शिकलेल्या. शासनाची मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिलेल्या. त्या पद्धतीत ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. हाताने लिहिताना डोळ्याला दिसतं तसं. ‘अर्थ’ लिहायचा तर आधी थ, मग त्यावर रफार. युनिकोडबरोबर आलेली इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी उच्चाराच्या क्रमाने चालते: आधी क, मग वेलांटी, आधी अर्धा र, मग थ. तर्क निर्दोष आहे. पण वीस वर्षं घडलेल्या हाताला तर्क सांगून उपयोग काय?

“वेलांटी आधी की अक्षर आधी, एवढं एकदा ठरवून सांगा,” असं ताई म्हणाल्या, तेव्हा सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांचा वेग अर्ध्यावर आला होता, आणि पैसे पानावर मिळत होते. नव्या सॉफ्टवेअरची किंमत कोटेशनमध्ये लिहिलेली असते. हा खर्च कुठल्याच वहीत चढत नाही. पुढे जुन्या टाइपरायटरच्या कळांनी युनिकोड टाइप करण्याची सोय आमच्याकडे बसवली आणि त्यांचे हात सुटले. ती सोय पहिल्याच दिवशी का शोधली नाही, याला उत्तर एकच: बैठकीत बसलेल्यांपैकी कुणालाच कंपोझिंग करायचं नव्हतं.

मालकांची तक्रार निराळी, इनडिझाइनच्या खर्चाची. २०१३ पासून ॲडोबीने नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. “मशीन घेतलं, आता दर महिन्याला त्याचं भाडं कसलं?” या वाक्यात मला तरी काही चूक दिसत नाही. छपाईयंत्राचं कर्ज कधीतरी फिटतं.

अर्थात शेवटी निर्णय बैठकीत झालाच नाही. तो लेखकांच्या खिशातून आला. लोक फोनवर मराठी लिहू लागले, मग लेख व्हॉट्सॲपवर येऊ लागले, काही तर बोलून लिहिलेले, विरामचिन्हांशिवाय. तो मजकूर जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा कंपोझ करणं म्हणजे वेडेपणा. मालकांनी मंजुरी दिली तेव्हा ऑफिसात युनिकोड येऊन बसलेलंच होतं.

प्रुफांची डोकेदुखी मात्र संपली नाही, फक्त बदलली. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र चिकटवून भागवत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. ‘दुसऱ्या’मधला तो र कुणी एका पद्धतीने लिहितं, कुणी दुसऱ्या. हिंदी वळणाचे ल आणि श तर पानोपानी येतात. फॉन्ट बदलेपर्यंत जातच नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये निदान चूक असली तर ती दिसायची.

आणि पुनर्मुद्रण? जसंच्या तसं हवं असेल तर कोपऱ्यातला संगणक आहे. मजकुरात बदल हवा असेल तर पूर्वी आम्ही फाइल कन्व्हर्टरमधून काढायचो आणि उडालेले रफार, सरकलेल्या वेलांट्या शोधत बसायचो. आता छापील पुस्तकच स्कॅन करून त्यातून मजकूर उचलतो. ताईंच्या मते यात चुका कमी निघतात, फक्त पुस्तकाची प्रत स्वच्छ हवी. त्यामुळे प्रकाशकाचा फोन आला की हल्ली त्या पहिलं हेच विचारतात, फाइल आहे का ते नव्हे, कोरी प्रत आहे का.