अठ्ठेचाळीस विधाने

मी मराठी शिकवते. मानसशास्त्राशी माझा संबंध स्टाफरूममधल्या शेजारच्या टेबलापुरता. त्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी गेल्या दिवाळीनंतर आमच्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली. यशवीर सिंग आणि महेश भार्गव यांची ही भावनिक परिपक्वतेची मापनश्रेणी आपल्याकडच्या प्रबंधांत वारंवार भेटते. तीत ४८ विधाने. प्रत्येकापुढे पाच पर्याय, १ ते ५ गुणांचे. म्हणजे कमीत कमी ४८, जास्तीत जास्त २४०. मात्र गुण जितके अधिक, तितकी परिपक्वता कमी. भावनिक अस्थैर्य, भावनिक प्रतिगमन, सामाजिक कुसमायोजन, व्यक्तिमत्त्वाचे विघटन आणि स्वावलंबनाचा अभाव असे पाच घटक ती तपासते.

कुतूहल म्हणून एक प्रत मीही भरली. माझे गुण बरेच कमी आले. त्या समाधानात असतानाच माझ्या वर्गातली एक मुलगी दाराशी आली. तिचे गुण खूप अधिक होते.

"मॅडम, म्हणजे मी मॅच्युअर नाही का?"

तिला काय सांगावे, सुचेना. नवी मुंबई विमानतळासाठी पनवेल तालुक्यातली जी गावे उठली, त्यांपैकी एका गावची ही मुलगी. उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, तेव्हा ती शाळेत होती. प्रत्येक निर्णय ती घरी विचारून घेते. श्रेणीच्या भाषेत हा स्वावलंबनाचा अभाव. तिच्या घरच्या भाषेत हेच शहाणपण.

सहकारी बाईंशी बोलताना आणखी एका चाचणीची माहिती मिळाली. रिचर्ड लेन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेल्या या चाचणीत २० लहान प्रसंग असतात. प्रत्येकात आपण आणि दुसरी एक व्यक्ती. तुम्हाला काय वाटेल आणि तिला काय वाटेल, हे आपल्या शब्दांत लिहायचे. नुसते 'वाईट वाटेल' याला कमी गुण, नेमक्या भावनेला अधिक. एकाच वेळी मनात उठणाऱ्या निरनिराळ्या भावना ओळखणे आणि दुसऱ्याचे मन आपल्याहून वेगळे असते हे जाणणे, याला सर्वाधिक. ऐकताना मला भरताचे आठ स्थायी आणि तेहेतीस व्यभिचारी भाव आठवले. एका स्थायी भावात किती भाव येऊन-जाऊन असतात, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो आणि पुसतो.

विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली. त्या सुमारास मी वर्गाला, चाचणी म्हणून नव्हे, निबंधाचा सराव म्हणून, 'विमान' हा विषय दिला. तिने लिहिले होते : विमान दिसले की धाकटा भाऊ टाळ्या वाजवतो. मलाही अभिमान वाटतो आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटते. आजी वर बघत नाही. ती रागावलेली नाही. तिला आमचा आनंद मोडायचा नसतो.

घरी येऊन मी माझी प्रत पुन्हा काढली. वडिलांचे पनवेलमधले जुने घर विकले, त्या दिवसापासून सख्ख्या भावाशी मी धड बोललेले नाही. तरीही चिडण्याच्या, सल धरण्याच्या विधानांपुढे मी निःशंकपणे 'कधीच नाही' अशी खूण केली होती.

सहकारी बाईंचा दोष नाही. एका आकड्यावरून कोणाचे निदान करायचे नसते, मुलाखत आणि पूर्वेतिहास यांच्या जोडीनेच तो वाचायचा असतो, हे त्यांनी विद्यार्थ्यांना आधीच बजावले होते. पण आकडा लक्षात राहतो, बजावणे विसरते. शिवाय अशी श्रेणी मनाचे माप घेताना आपण स्वतःविषयी जे कबूल करतो त्याचेच माप घेते. त्या मुलीने खरे लिहिले, म्हणून तिचे गुण वाढले.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मॅडम, तुमचे किती आले?"

मी आकडा सांगितला. आणि तो खरा नाही, हेही.