बडोद्याहून कोलंबियाला

बडोद्याच्या माणसाने न्यूयॉर्कला जाऊन काय पाहावे, असे कोणी विचारले तर स्वातंत्र्यदेवीच्या आधी आम्ही कोलंबिया विद्यापीठाचे नाव घेऊ. आमची कन्या तेथे अर्थशास्त्रात पीएच.डी. करीत आहे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण तिच्याहून बरेच जुने आहे.

उन्हाळ्यात आम्ही उभयतां महिनाभर तिच्याकडे राहिलो. भुयारी रेल्वेच्या 116 व्या रस्त्यावरील स्थानकातून वर आले की विद्यापीठाचे दार लागते. आत रुंद दगडी पायऱ्या, त्यांवर विद्यामातेची सिंहासनस्थ मूर्ती आणि मागे लो ग्रंथालयाचा घुमट. मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्यांत एक घुबड दडविलेले आहे. आपल्याकडे अपशकुनी ठरलेल्या या पक्ष्याला तिकडे ज्ञानाचा मान मिळालेला पाहून सौभाग्यवतींना मौज वाटली.

लो ग्रंथालय आता नावापुरतेच ग्रंथालय उरले आहे. 1934 साली समोर नवे ग्रंथालय उभे राहिले. परंतु 1913 च्या जुलैत बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर येथे आले, तेव्हा हेच मुख्य ग्रंथालय होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. प्राध्यापक सेलिग्मन यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी प्रामुख्याने अर्थशास्त्राचा अभ्यास केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध 1925 साली ग्रंथरूपाने निघाला, तो सयाजीराव महाराजांना अर्पण केलेला आहे.

कन्येचा अभ्यास नेमका कसला, हे आम्ही तेथेच प्रथम समजून घेतले. पहिल्या वर्षी सूक्ष्म व समग्र अर्थशास्त्र आणि अर्थमिती, म्हणजे जवळजवळ सारा गणिताचाच कारभार. मग पात्रता-परीक्षा. विद्यापीठ निर्वाहवेतन देते आणि त्याबदल्यात खालच्या वर्गांना शिकवून घेते. चर्चासत्रात वक्त्याला दोन वाक्येही सलग बोलू देत नाहीत. श्रोते मध्येच शंका काढतात, आणि ते उद्धटपणाचे मानले जात नाही. अशी पाच-सहा वर्षे जातात.

"पण बाबा, परीक्षा हा सोपा भाग," ती म्हणाली. "तोवर प्रश्न दुसऱ्यांनी घातलेले असतात. पुढं आपला प्रश्न आपणच शोधायचा. कोणी न सोडवलेला, आणि ज्याचं उत्तर पुराव्यानं देता येईल असा."

गेले वर्षभर फोनवर तिचा आवाज का उतरलेला असे, ते आम्हांस तेव्हा उमगले. प्रश्नच सापडत नव्हता.

तिचा विभाग आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या उंच इमारतीत दहाव्या मजल्यावर आहे. त्याच इमारतीत खाली लेहमन ग्रंथालय आहे आणि तेथे बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. बडोदेकर म्हणून आमचा ऊर भरून आला. "आपल्या महाराजांनी पाठविलं म्हणून," असे काहीसे आम्ही म्हणालोही.

कन्या क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि परत आल्यावर?"

परत आल्यावरची हकीकत बडोद्यात कोणास ठाऊक नाही? 1917 साली ते करारानुसार नोकरीवर रुजू झाले. हिंदू वस्तीत खोली मिळणार नाही, हे जाणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून काढले. दोघा मित्रांकडेही थारा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्रीची. तोवरचा वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला. त्या बागेत आम्ही लहानपणापासून फिरायला जात आलो आहोत.

"बाबा, पणजोबा तेव्हा संस्थानच्या नोकरीत होते ना? आणि आपल्या वाड्यात खोल्या भाड्यानं देत असत?"

होते. देत असत. आमचे आजोबा एका कचेरीत कारकून होते आणि वाड्याच्या माडीवर तीन बिऱ्हाडे असत. महाराजांच्या दातृत्वाच्या गोष्टी आजोबांच्या तोंडून आम्ही शंभर वेळा ऐकल्या. या प्रसंगाविषयी एक अक्षरही ऐकले नाही. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्हांस उत्तर सुचले नाही.

त्या रात्री जेवताना कन्येने विचारले, "पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या अजून आहेत का? खोली कोणाला मिळाली आणि किती भाड्यानं, हे अशा वह्यांतूनच कळेल. आपल्या एका घराच्या पुरणार नाहीत. आळीतल्या आणखी दहा घरांच्या मिळाल्या तर पाहा." बऱ्याच महिन्यांनी तिच्या आवाजात आम्हांस उत्साह ऐकू आला.

परतल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. वह्या आहेत. मोडी अक्षर सुबक आहे, 1917 ची वही पूर्ण आहे. त्या वर्षी माडीवरची एक खोली चार महिने रिकामी होती. बाकी भाडेकरूंची नावे पाहिली. सारी आपल्याच जातीतली, बहुतेक नात्यागोत्यातली.

वह्यांची छायाचित्रे काढून आम्ही तिला पाठवीत आहोत. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर अशा वह्या असतील तर रद्दीत देऊ नयेत, आम्हांस कळवावे. आम्ही स्वतः येऊन त्या पाहू.