दुष्काळ, धर्म आणि केडगावचं स्टेशन

दुष्काळ, पाणीटंचाई, विस्थापन. जगापुढच्या अशा प्रश्नांवर ख्रिस्ती धर्म काय सांगतो, असं विचारलं की लोक रोमकडे बघतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपलं सामायिक घर म्हटलं, हे महत्त्वाचंच आहे. पण मी लोणी काळभोरचा. आमच्याकडून दौंडला जाताना वाटेत केडगाव स्टेशन लागतं. तिथल्या मुक्ती मिशनचा इतिहास मला या प्रश्नाच्या जास्त जवळ नेतो.

पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७०च्या दशकातल्या दुष्काळात गेले. १८८३ साली रमाबाई ख्रिस्ती झाल्या. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. नुसतं जेवू घालून थांबल्या नाहीत; त्यांना शेती, विणकाम, छपाई अशी कामं शिकवली.

त्यांनी भाकरीबरोबर धर्मही दिला, हा आक्षेप जुना आहे. याच वादातून १८९३ साली रानडे आणि भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. हा आक्षेप मला फेटाळता येत नाही. उपाशी माणसाची निवड कितपत मोकळी असते? पण त्या मुली रस्त्यावर मरत होत्या तेव्हा बाकीचे धर्म कुठे होते, हेही विचारायला हवं. त्यात आपणही आलो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या वाटेवर हा पेचच नव्हता. हरित वसई संरक्षण समितीतून ते वसईच्या पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी लढले. विहीर आटते ती धर्म विचारून नाही. ती वाचली तर पाणी सगळ्यांनाच मिळतं, त्यासाठी कुणाला बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही.

हजरत ईसांना आपणही पैगंबर मानतो. सूरह माऊन तर नमाज पढूनही गरजेची साधी वस्तू नाकारणाऱ्यांना फटकारते. जकातीचे नियम वेगळे, पण सदक्याला धर्माची अट नाही. तरी आपली मदत बहुतेक वेळा मोहल्ल्याच्या हद्दीत थांबते.

लोणीजवळून मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन उजनीकडे जाते. वजूला आणि बाप्तिस्म्याला, दोन्हींना स्वच्छ पाणी लागतं. या नदीसाठी चर्चमधून, मशिदीतून आणि मंदिरातून किती माणसं एकत्र बाहेर पडतात, त्यावर मी तिन्ही धर्मांचं उत्तर जोखेन.