वजन सुटते का?

माणसाला उतारवयात एखादे खूळ लागतेच. कुणी गुलाब लावतो, कुणी होमिओपॅथी शिकतो; मी मासे धरू लागलो. धरू लागलो म्हणजे, धरून सोडू लागलो. आता महाडच्या मुलखात ज्याचे बालपण गेले त्याने मासा धरावा आणि जिवंत परत सोडावा, हे आमच्या आईला काही केल्या पटले नाही. "सोडायचाच होता, तर धरलास कशाला रे?" असे ती फोनवर विचारी, आणि मी तिच्या गुडघ्यांची चौकशी करू लागे.

मी राहतो इंग्लंडात, सेव्हर्न नदीकाठच्या एका गावी. या नदीत बार्बेल नावाचा मासा आहे. अंगाने लांबट, रंगाने तांबूस-सोनेरी, तोंड खाली वळलेले आणि त्याला चार मिशा. हा मूळचा इथला नव्हे. १९५६ साली केनेट नदीतून आणून त्याला सेव्हर्नमध्ये सोडले, आणि तो इथलाच होऊन गेला. परगावाहून येऊन रुजलेला म्हणून की काय, मला त्याच्याविषयी पहिल्यापासून आपलेपणा वाटला. आमिष म्हणून इथले लोक डबाबंद डुकराच्या मांसाचे तुकडे लावतात आणि त्यांना वरून करी पावडर चोळतात. ही थट्टा नव्हे! पावसाने नदी चढून गढूळ झाली की बार्बेल खायला निघतो, आणि तो काळ येतो नेमका दिवाळीच्या सुमारास. "अहो, निदान फराळ संपेपर्यंत तरी तो डबा फ्रिजमध्ये नको," असे सौभाग्यवती दर वर्षी सांगते.

पहिल्या वर्षी मी गळाची जोडणी निवडली ती आळशी माणसाने निवडावी तशी. दोरीवर अडीच औंसाचे शिसे घट्ट बसवलेले. मासा आमिष उचलतो, त्या वजनाचा हिसका बसतो, तो दचकून पळतो आणि गळ आपोआप रुततो. आपण नुसते बसायचे. शिवाय दोरी मी बारीक घेतली होती. माशाला वाव द्यावा, यात काही मर्दुमकी आहे, अशी माझी समजूत.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी काठी एकदम वाकली. मासा सरळ पाण्यात बुडालेल्या वाळुंजाच्या मुळांकडे धावला आणि दोरी तुटली. मी हळहळत उभा राहिलो. शेजारी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ बसत असत. मासा केवढा होता हे ते विचारतील, आणि मी थोडे वाढवून सांगेन, अशा तयारीत मी होतो. त्यांनी विचारले, "तुमचे वजन सुटते का?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी माझ्या पेटीतली तशीच दुसरी जोडणी हातात घेतली, शिसे ओढून पाहिले आणि काही न बोलता परत दिली. जाताना एवढेच म्हणाले, "म्हणजे तो आता ते ओढत फिरतो आहे. मुळांत अडकला नाही तर."

त्या रात्री मला झोप आली नाही. पाण्याखाली, अंधारात, तोंडातल्या दोरीने खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा तो मासा मला दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. म्हातारबुवांनी सांगितली ती जोडणी साधी आहे. शिसे दोरीला बांधायचेच नाही. एका कडीत अडकवून ती कडी दोरीवर मोकळी सरकू द्यायची. खाली मणी, मण्याखाली फिरकी, आणि फिरकीला गळाची आखूड दोरी. मुख्य दोरी १२ पौंडांची असेल तर ही आखूड दोरी १० पौंडांची, म्हणजे तुटलीच तर तीच आधी तुटावी. कडी आणि शिसे यांच्यामध्ये आणखी कच्चा दोरा. शिसे दगडात अडकले तर शिसेच गमवावे, मासा नव्हे. गळ जाड तारेचा, पण त्याचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकलेला. मी नळाला गळ अडकवला, वरची दोरी कात्रीने कापली आणि ओढली. कडी आणि मणी तुटक्या टोकावरून घरंगळून फरशीवर पडले. जुनी जोडणी लावून पाहिली. शिसे नळाला लोंबत राहिले.

"हे काय चालले आहे?" सौभाग्यवतीने विचारले. मी सांगितले. ती बराच वेळ त्या लोंबत्या शिशाकडे बघत होती.

बारीक दोरीचे खूळही तेव्हाच गेले. बार्बेल हार मानत नाही. अंगात त्राण असेपर्यंत झुंजतो. दोरी कच्ची, तर झुंज लांबते आणि मासा मरणाचा दमतो. त्याच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो, तो जाळ्याच्या गाठींत अडकतो. म्हणून जाळे बारीक विणीचे, बिनगाठीचे. आणि सोडताना त्याला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत सैल धरायचे, तो स्वतःहून शेपटी मारून निघेपर्यंत. उन्हाळ्यात, कोमट पाण्यात, याला कितीतरी मिनिटे लागतात. गुडघाभर पाण्यात मी ओणवा, कंबर मोडलेली, आणि हातांत तो कल्ले हलवीत विसावलेला.

अशा वेळी मला वाळणकोंड आठवते. महाडजवळ काळ नदीचा तो डोह, वरदायिनीचे ठाणे. तिथले मासे देवीचे. लहानपणी आम्ही चुरमुरे टाकायचो आणि काळेभोर महाशीर वर यायचे. त्यांनाही चार मिशा, बार्बेलच्याच गोतातले. त्यांना गरी लावायचे कुणाच्या मनातही येत नसे. आजी मला डोहाशी वाकू देत नसे. सावली पडली तरी बिचारे बिचकतात, म्हणायची. आणि तिचा नातू आता त्यांच्या भाऊबंदांच्या ओठात गळ रुतवतो आणि मग हळुवारपणे सोडतो! आईच्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. ती गेली, आणि विषय बदलायची सोयही गेली.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी, पुन्हा एक मोठा बार्बेल लागला आणि पुन्हा त्याच मुळांकडे धावला. दोरी ताणली, कट्‌ असा आवाज झाला. चाक फिरवून दोरी वर घेतली. टोकाला फिरकी, मणी, कडी आणि शिसे, सगळे जिथल्या तिथे होते. आखूड दोरी तेवढी गेली होती.

घरी आलो तेव्हा हात गारठले होते. "लागला का काही?" सौभाग्यवतीने विचारले.

"मोठा होता. गेला."

"आणि वजन?"

"वजन माझ्या खिशात आहे," मी म्हणालो. तिने लाडवांचा डबा पुढे केला.