लाल डोंगर, राखाडी डोंगर

कात्या, मॉरिस, तुम्ही ज्वालामुखींचा अभ्यास करणारं जोडपं. पुस्तकं त्यांच्या कितीही जाती सांगोत, तुम्ही दोनच मानल्यात. लाल आणि राखाडी.

लाल म्हणजे हवाईचा किलाउआ, काँगोतला न्यिरागोंगो. किलाउआ तर पसरट, मंद उताराचा. या लाल डोंगरांच्या शिलारसात सिलिका कमी, म्हणून तो पातळ. वायू वाटेतच निसटतो आणि लाव्हा नुसता वाहत सुटतो. आमचा सह्याद्रीही याच कुळीचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून येऊन थरावर थर पसरलेला. राखाडी डोंगर उंच, देखणे, घातकी. आमटी उकळते, घट्ट पिठलं मात्र अंगावर उडतं. सिलिका वाढली की रस तसा दाटतो, वायू कोंडतो आणि डोंगरच फुटतो.

लाल डोंगरांच्या तुम्ही किती जवळ गेलात! कात्या, चंदेरी पोशाखातली तुझी इवलीशी आकृती आणि मागे उसळणारी आग, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. मॉरिस, तुला तर लाव्हाच्या नदीत होडी घालायची होती. (वेडेपणाच हा, पण हेवा वाटावा असा.)

मग राखाडी डोंगरांनी तुम्हाला ओढून नेलं. १९८० साली अमेरिकेतल्या सेंट हेलेन्सची उत्तरेची बाजू ढासळली, ५७ जणांना घेऊन गेली. १९८५ साली कोलंबियात नेवादो देल रुइसचा उद्रेक तसा लहानच. पण माथ्यावरचं बर्फ वितळलं, चिखलाचे लोंढे सुटले आणि आर्मेरोसह खालच्या वस्त्यांत सुमारे २३ हजार माणसं गेली. धोका तज्ज्ञांना ठाऊक होता. तो माणसांना डोळ्यांनी दिसावा म्हणून तुम्ही फिल्म करायला घेतलीत.

आणि जपानचा उन्झेन? तो तर त्या दिवशी धड फुटलाही नाही. दाट रस संथपणे वर येऊन माथ्यावर घुमट धरत होता. ३ जून १९९१ ला त्याचा मोठा भाग कोसळला आणि तापलेली राख, वायू नि दगड यांचा लोट दरीतून खाली आला. ४३ जण गेले. त्यांत तुम्ही दोघं, आणि सोबत ज्वालामुखीतज्ज्ञ हॅरी ग्लिकन. १९८० साली सेंट हेलेन्सच्या निरीक्षण-चौकीवर हॅरीच्या जागी त्याचा सहकारी डेव्हिड जॉन्स्टन थांबला होता आणि उद्रेकात मेला होता. अकरा वर्षांनी हॅरीही गेला.

लाव्हा संथ येतो म्हणजे डोंगर सौम्य, हे उन्झेननं खोटं पाडलं. तुमच्या दोन जातींत तो नीट बसत नाही, हे मी तुमच्याशी भांडून सांगितलं असतं.

तुमची फिल्म तेव्हा फिलिपिन्समध्ये पिनातुबोच्या परिसरात दाखवली जात होती. ती पाहून अनेकांना धोका पटला. १५ जूनला पिनातुबो फुटला, विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक. तोवर हजारो माणसं गावं सोडून सुरक्षित ठिकाणी गेली होती.