टोपीचा लेयर

कार्टूनमधल्या पोराला चालवायचं असेल तर आधी त्याचे तुकडे करावे लागतात. डोकं वेगळं, मान वेगळी, दंड, कोपरापासून पुढचा हात, पंजा, मांडी, पोटरी. मग आत हाडं बसवायची, सांधे जोडायचे. केस, चष्मा, दप्तर, टोपी या वस्तूंचा प्रत्येकी एक लेयर. लेयरच्या नावाशेजारी डोळ्याचं बारीक चित्र असतं. त्यावर टिचकी मारली की वस्तू दिसते, पुन्हा मारली की गायब.

माझं पोट या कामावर चालतं. मुलांसाठी शिकण्याचे खेळ आणि ॲनिमेशन बनवून कंपन्यांना द्यायची. सुरुवात पुण्यात झाली, २०११ साली. पाच वर्षांनी नगरला परत आलो (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आमच्या तोंडी अजून नगरच) आणि मुकुंदनगरमधल्या घराच्या वरच्या खोलीत दोन कॉम्प्युटर मांडले. गिऱ्हाईक कधी पुण्याचं, कधी दिल्लीचं, एकदा दुबईचं. घरात बायको सोडली तर मी नेमकं काय करतो हे कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. अम्मी शेजारणींना सांगते, "उनो कार्टूनां बनाता."

या धंद्यात टिकाऊ काही नसतं. माझे पहिल्या पाच वर्षांतले सगळे खेळ फ्लॅशमध्ये होते. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं आणि ते खेळ ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. फाइली आहेत, सीडीवर नावंही आहेत, पण चालवायचं कशात? एचटीएमएल५ मध्ये सगळं नव्याने करायला पैसे कोण देणार? पाढ्यांचा एक बेडूक होता, चूक उत्तर दिलं की चिखलात पडायचा. तो मला अजून आठवतो. त्यानेच मला या कामातला मोठा धडा दिला. शाळेत चाचणीला नेला तेव्हा हुशार पोरंही मुद्दाम चूक उत्तर देऊ लागली. बरोबर उत्तराला टाळ्या वाजायच्या, चुकीला बेडूक पडायचा, आणि पडणारा बेडूक टाळ्यांपेक्षा केव्हाही भारी! तेव्हापासून मी चुकीचं ॲनिमेशन अळणी ठेवतो. सगळी गंमत बरोबर उत्तरात.

मराठीचे हाल आणखी निराळे. तयार फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात, 'दुसऱ्या' मधला 'ऱ्' मोडून पडतो. २००९ साली सरकारने मराठी वर्णमालेचा शासन निर्णय काढला, त्यात अक्षरांची वळणं ठरवून दिली. तरी दर कामात या अक्षरांसाठी मला भांडावं लागतं. शाळेत पोर एक 'ल' गिरवतं आणि स्क्रीनवर त्याला दुसराच दिसतो. त्याने कोणता खरा मानायचा?

तर सलीमची गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीचं तिसरीच्या गणिताचं काम आलं. बाजारातला हिशोब: नोटा, नाणी, बेरीज, वजाबाकी, उरलेले पैसे. स्टोरीबोर्ड त्यांचा, चित्रं आणि खेळ माझे. पाच मुलं होती. चौघांच्या नावापुढे स्वभाव लिहिला होता: एक खोडकर, एक अभ्यासू, एकीला झाडं आवडतात, एकाला सतत भूक लागते. पाचव्यापुढे लिहिलं होतं: 'सलीम. पांढरी टोपी, हिरवा कुर्ता.' स्वभाव काहीच नाही. भूक नाही, खोड्या नाहीत.

मी सलीमला निळा शर्ट दिला, खाकी हाफ पँट दिली, गुडघ्यावर खरचटल्याची खूण दिली. गुडघा माझाच होता म्हणा ना. टोपी काढली, पण तिचा लेयर बंद ठेवला. आठवड्याने तपासणीचा एक्सेल आला. ओळ १४: 'सलीमची टोपी राहिली.' ओळ १५: 'संवादात थोडा हिंदी लहेजा हवा.'

मी फोन केला. पलीकडच्या मॅडम खरंच चांगल्या. सलीमला यादीत त्यांनीच घेतलं होतं, वरून कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "अहो शेखसर, आपल्या पुस्तकात मुस्लिम मूल आहे हे पोरांना कळायला नको का? टोपी नसेल तर ओळखणार कसं?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरंच, कसं ओळखायचं?

आमचं मूळ गाव श्रीगोंदा तालुक्यात. दादा लिंबाच्या बागेत राबायचे. अंगात सदरा, पायजमा, डोक्यावर गांधी टोपी. जाळीची नमाजची टोपी खिशात घडी करून ठेवलेली. अजान झाली की एक टोपी खिशात जायची, दुसरी डोक्यावर यायची. त्यांना काढायचं झालं तर मी कोणती टोपी काढू? अम्मीला नऊवारीत पाहिलेलं नाही, पण पाचवारीचा पदर ती गावातल्या बाकी बायांसारखाच घ्यायची.

लहेजाचं मात्र मी लगेच बोललो. सिनेमात आणि नाटकात मुसलमान आला की तो "हम तुमको बोलताय" असली कडबोळी मराठी बोलतो, लोक हसतात. आम्ही घरात दखनी बोलतो हे खरं. पण ओट्यावरून उतरलं की मराठी, तीही चांगली अस्सल नगरी. मी मॅडमना म्हटलं, ज्ञानेश्वरी नेवाशात सांगितली गेली, ते नेवासं आमच्याच जिल्ह्यात. आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला तो मराठी ओव्यांत. मालोजीराजे त्यांना गुरू मानत, असं आमच्याकडे सांगतात. चारशे वर्षांपूर्वी शेखाला मराठी येत होतं, माझ्या सलीमला तिसरीत का येऊ नये? त्या हसल्या. ओळ १५ कापली.

ओळ १४ राहिली. मी सुचवलं की एक स्क्रीन ईदच्या खरेदीची करू. सलीम पाचशेची नोट घेऊन निघतो: शेवयांची दोन पाकिटं चाळीसप्रमाणे, दोन लिटर दूध साठप्रमाणे, शंभरची खारीक. उरले किती? (चारोळी वगळावी लागली. तिचा भाव तिसरीच्या गणितात बसत नाही.) त्याच्या पुढच्या स्क्रीनवर ईदची सकाळ, नवे कपडे, तिथे टोपी चालू. एरवी बाजारात बंद. मॅडमना पटलं. काम पास झालं, पैसे दोन महिन्यांनी आले, तेवढं चालतं.

हौसेने मी ते आमच्या एका नातेवाइकांना दाखवलं. ते उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेत. त्यांनी पूर्ण पाहिलं, दोनदा चूक उत्तर दिलं, मग विचारलं, "बच्चे की टोपी क्यों उतारी? शरम आती क्या?"

मी ईदची स्क्रीन दाखवली, दादांच्या दोन टोप्यांची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "दादा की बात ठीक है. मैं तेरी पूछ रहा हूँ."

त्यावर मी चहा मागवला आणि विषय बदलला. कारण त्यांना माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. नगरला आल्यावर मी जी व्हिजिटिंग कार्डं छापली त्यावर स्टुडिओचं नाव आहे, फोन आहे, ईमेल आहे. माझं नाव नाही. ईमेलवरही मी पहिली तीन वर्षं फक्त 'एस.' म्हणून सही करायचो. कुणी तसं कर म्हटलं नव्हतं, कुणी काम नाकारलंही नव्हतं. एकदा फक्त एक ठरत आलेलं काम नाव सांगितल्यावर पुढे सरकलं नाही. त्याचं कारण काहीही असू शकतं, बजेटसुद्धा. पण त्यानंतर मी कार्डावर नाव घातलं नाही. सलीमच्या टोपीसाठी मॅडमशी वाद घालणारा माणूस हाच.

मागच्या महिन्यात कार्डं संपली. कापड बाजाराजवळच्या प्रेसमध्ये गेलो आणि जुन्या मजकुराखाली पूर्ण नाव लिहून दिलं. प्रेसवाला ओळखीचा. त्याने स्क्रीनवर बसवून विचारलं, "शेखभाई, नाव वर ठळक घेऊ की खाली बारीक?"

मी म्हटलं, दोन्ही प्रूफं काढ. ती अजून टेबलावर पडली आहेत.